बावन्न ठोके

ज्यांना भेटायला कोणीच येत नव्हतं, ती ठिगळं सगळ्यांत ठणठणीत होती.

कांचनमाला मगदूमच्या हे लक्षात आलं ते एका मंगळवारी सकाळी, हातात चहाचा कप असताना. महिन्याचा अहवाल पाठवायचा होता. पडद्यावर एकतीस नावं होती आणि प्रत्येकापुढे आकडा, कोणतं ठिगळ किती जोरानं आकुंचन पावतंय याची टक्केवारी. एरवी ती यादी वरून खाली वाचायची आणि पाठवून मोकळी व्हायची. त्या दिवशी बोट भलत्याच ठिकाणी पडलं आणि यादी भेटींच्या संख्येप्रमाणे लागली. वर सगळी अशक्त, खाली सगळी धडधाकट. अगदी तळाला एका ट्रकचालकाचं ठिगळ होतं. ते नष्ट करायच्या कागदावर सही करायलाही कोणी आलं नव्हतं, म्हणून चार वर्षं ते तसंच राहिलं होतं, आणि सत्त्याण्णव टक्के जोरानं उडत होतं. वरून दुसरं नाव तिच्या मुलाचं होतं. सन्मती भूपाल मगदूम, एकसष्ट टक्के.

तिनं कप खाली ठेवला. पुन्हा यादी उलटसुलट लावून पाहिली. आकडे काही हलले नाहीत.

'ठिगळ' हा प्रयोगशाळेतला शब्द. नातेवाइकांसमोर 'हृदयपट्टी' म्हणायचं, अशी सक्त ताकीद होती. मिरजेबाहेरच्या त्या संस्थेत अशा पट्ट्या वाढवल्या जात. रुग्णाच्या रक्तातल्या पेशी घ्यायच्या, त्यांना उलट्या पावली मागं नेऊन गर्भातल्या पेशींसारखं कोरं करायचं, आणि मग हृदयाचा स्नायू व्हायला नव्यानं शिकवायचं. दहा आठवड्यांत टपालाच्या तिकिटाएवढी पट्टी तयार होते आणि कोणी न सांगता आपली आपण धडधडू लागते. ती दुबळ्या हृदयावर शिवायची. माणूस स्वतःच्याच रक्तानं बरा होतो. पण काही माणसं दहा आठवडे थांबत नाहीत. मग माणूस जातो आणि पट्टी राहते. दुसऱ्याच्या शरीराला ती चालत नाही, त्यामुळे पंधरा दिवसांत नष्ट करायची, असा नियम होता. पाच वर्षांपूर्वी एका बाईनं नवऱ्याच्या पट्टीच्या कागदावर सही करायला नकार दिला. म्हणाली, आधी बघू द्या. त्या एका वाक्यातून भेटीची खोली उभी राहिली.

भेटीची खोली उभी राहिली खरी, पण ती चालवून दाखवली कांचननं. पट्ट्या ज्या उबवणीपेटीत राहतात तिथं कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो, आणि त्याच्या आधारानं भोवतीच्या द्रवातलं आम्ल जागच्या जागी राहतं. पट्टी बाहेर काढली की तो वायू उडून जातो. दहा मिनिटांत गुलाबी द्रव जांभळट होऊ लागतो आणि पेशी कासावीस होतात. कांचन या संस्थेत सव्वीस वर्षं एकच काम करत होती, पेशींना लागणारे द्रव बनवायचं. तिनं सांगितलं, "हेपेस घालू या की."

हेपेस म्हणजे पिठीसाखरेसारखी पांढरी पूड. जीवशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेत फळीवर सापडेल. अशा रसायनाला बफर म्हणतात. नव्या मुलींना शिकवताना कांचन सांगायची, एकत्र कुटुंबातली मधली जाऊ डोळ्यांसमोर आणा. थोरली फणकारली तरी तिचं ऐकून घेते, धाकटी रुसली तरी तिचं ऐकून घेते, आणि दोन्हीकडचं पोटात ठेवून घराचा सूर बिघडू देत नाही. आम्ल वाढलं तर बफर ते गिळतो, कमी झालं तर स्वतःजवळचं देतो. मुली हसायच्या. कांचनही हसायची. तिच्या घरात ही मधली जाऊ ती स्वतःच होती.

तिचा नवरा भूपाल जयसिंगपूरला डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. गुऱ्हाळांची जुनी इंजिनं नुसत्या आवाजावरून ओळखणारा पंचक्रोशीत तोच एक उरला होता. हात सोन्याचा, जीभ मात्र कानशीची. मुलगा सन्मती बापाच्याच हाताखाली होता, आणि बाप-लेक एकमेकांशी बोलायचे ते कांचनच्या तोंडून. "त्या गाढवाला सांग, नोझल साफ कर" हे मुलापर्यंत पोचायचं ते "बाबा म्हणतात, जमलं तर नोझल बघ" असं होऊन. सन्मती सत्तावीस वर्षांचा होईतो तिनं हे इमानेइतबारे केलं.

मग सन्मतीला ताप आला. साधा ताप, छातीत थोडं जड. गुऱ्हाळाचा हंगाम होता आणि एक मोठं इंजिन उतरवायचं होतं. भूपाल म्हणाला, "नाटकं नकोत. दोन दिवसांचं काम हाय." सन्मती स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाला होता, "आई, तू सांग ना बाबांना. खरंच होत नाही मला." तिला नवऱ्याचा चढलेला आवाज आठवला. ती म्हणाली होती, "दोन दिवस कळ काढ बाळा." तापाच्या विषाणूनं हृदयाचा स्नायू पकडला होता, आणि अशा तापात मेहनत विषासारखी असते हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पट्टीसाठी रक्त घेतलं, नवव्या आठवड्यात मुलगा गेला. दोन दिवसांच्या कामाबद्दल भूपालनं स्वतःला कधी क्षमा केली नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. स्वयंपाकघरातलं बोलणं मात्र कांचननं कोणाला सांगितलं नव्हतं.

सात महिन्यांपूर्वी पहिल्यांदा ते दोघं भेटीच्या खोलीत गेले. काचेच्या झाकणाची छोटी पेटी, वर पांढरा दिवा, आणि शेजारच्या भोंग्यातून ठोक्यांचा आवाज. मिनिटाला बावन्न ठोके. भूपाल कसाबसा म्हणाला, "सन्मती." थोड्या वेळानं आकडा वाढू लागला. साठ, सहासष्ट, एकाहत्तर. कांचन पदर तोंडात धरून रडली होती, आनंदानं. तसं ते इतरांच्या बाबतीतही व्हायचं. कोणाची पट्टी बायको आली की वेग धरायची, कोणाची लेक आली की. 'ओळख' असा शब्दच त्याला पडला. पुण्याहून दोन शहाणे येऊन आवाजाच्या कंपनांचा अभ्यास करून गेले. वर्तमानपत्रांत आलं. संस्थेच्या प्रमुख डॉक्टर हुद्दार एवढंच म्हणत, "अजून सिद्ध काही नाही हं." पण त्यांचेही डोळे चमकायचे.

आणि आता ही यादी.

कांचन उठली आणि शीतगृहात गेली. फळीवर तिच्याच हातानं भरलेल्या द्रवाच्या बाटल्या होत्या, प्रत्येक बाटली चंदेरी कागदात गुंडाळलेली. हेपेस असलेला द्रव उजेडात ठेवू नये, हे ती नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायची. द्रवात पेशींच्या पोषणासाठी एक जीवनसत्त्व असतं, रायबोफ्लेविन. त्यावर उजेड पडला की ते हेपेसला भिडतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जखमेवर ओतलं की फसफसतं, तेच. थेंबभर झालं तरी पेशी बिथरतात, आणि पुन्हा पुन्हा झालं तर मरतात. सव्वीस वर्षं तिनं बाटल्या जपल्या. पेटीतल्या बशीवर मात्र, लोकांना नीट दिसावं म्हणून, पांढरा दिवा लावला होता. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण तिनं घातलं होतं.

पण मनातली शंका आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत फरक असतो. तिनं दोन बशांत तो द्रव ओतला. एक दिव्याखाली ठेवली, एक कपाटात. अर्ध्या तासानं दोन्हींत पेरॉक्साइड तपासायच्या कागदी पट्ट्या बुडवल्या. कपाटातली पांढरीच राहिली. दिव्याखालची निळी झाली.

बुधवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिनं सन्मतीची पेटी भेटीच्या खोलीत आणली. दिवा लावला, दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या पडद्यापाशी उभी राहिली. खोलीत कोणी नव्हतं. कोणी हाक मारली नाही. पंधरा मिनिटांत आकडा सत्तरवर गेला.

गुरुवारी तिनं उलटा प्रयोग केला. नवा द्रव घातला आणि दिवा न लावता, अंधारात, पेटीला तोंड लावून बसली. पडद्यावरचा लाल आकडा तेवढा दिसत होता.

"सनू," ती म्हणाली. "मी आई."

बावन्न.

तिनं त्याला सांगितलं की शेजारच्या उपाध्यांची म्हैस व्याली, की त्याची सायकल अजून माळ्यावरच आहे. लहानपणी निजताना म्हणायची तसा णमोकार मंत्र म्हटला. एकदा त्रेपन्न झालं आणि तिचा श्वास अडकला. मग पुन्हा बावन्न. अर्धा तास ती बसली होती. अंधारात एक स्नायूचा तुकडा आपल्या तालात उडत होता, आणि ती कोण आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. इतके दिवस मुलगा गेला होता तरी कुठंतरी होता. त्या अर्ध्या तासात तो खरोखर गेला.

शुक्रवारी ती डॉक्टर हुद्दारांच्या दारापर्यंत जाऊन परत आली. सांगितलं तर दुसऱ्याच दिवशी पांढरे दिवे निघणार. लाल दिवा लावता येईल किंवा अंधार करता येईल, पट्ट्या वाचतील. पण ओळख संपेल. भेटायला येणाऱ्या सगळ्या घरांतून ती जाईल, आणि त्यांतलं एक घर तिचं. भूपाल दुकानात दिवसदिवस बोलत नाही, जेवताना बोलत नाही, बोलतो तो फक्त रविवारी त्या पेटीशी. त्याचा तेवढाच आधार काढून घ्यायचा? आणि नाही काढला तर दोन-तीन महिन्यांत पट्टी थांबेल. मुलाला दुसऱ्यांदा पोचवायची ताकद तिच्यात नव्हती. तिनं ठरवलं, हा रविवार जाऊ दे. नेहमीसारखंच, पोटात ठेवलं.

रविवारी भूपालनं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ओसरीवर बसून राहिला. तीन वाजले तरी उठेना.

"चलायचं ना?" कांचन म्हणाली.

"आज तू एकटीच जा."

"बरं नाही का?"

"बरं हाय." तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला. मग उठला आणि गाडी काढली.

खोलीत ते दोघं समोरासमोर बसले, मध्ये पेटी. कांचननं दिवा लावला. तिचा हात बटणावर जरा रेंगाळला, ते त्यानं पाहिलं नाही. भोंग्यातून ठोके येऊ लागले. भूपाल गप्पच होता. बराच वेळ गेला आणि वेग वाढू लागला.

"बंद कर त्यो आवाज," तो म्हणाला.

"का हो?"

"मी तोंडसुद्धा उघडलं न्हाई आज. नुसता येऊन बसलोय. तरी बघ कसं पळायलंय."

"तुम्ही आल्याचा आनंद..." ती सवयीनं बोलून गेली.

"आनंद न्हाई गं त्यो." भूपाल पेटीकडे बघत नव्हता, स्वतःच्या तळहाताकडे बघत होता. "तुला ठावं न्हाई. पाच-सहा वर्षांचा असंल. माझी गाडी दारात वाजली की दाराआड जाऊन उभा ऱ्हायचा. एकदा मी बाहेर ओढला आणि छातीवर हात ठेवला. अशीच. अशीच पळत हुती. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. म्हटलं, पोराला वचक हाय बापाचा." तो थांबला. "सात महिने झालं, दर रविवारी येतोय. माफी मागाय येतोय. मी आलो की त्यो घाबरतोय. मेल्यावरबी घाबरतोय. आणि तू म्हणतीस आनंद."

सात महिने ती ज्या आवाजानं जगली होती त्याच आवाजानं हा माणूस समोर बसून मरत होता, आणि तिला कळलं नव्हतं. एक इंजिन, ऐकणारे दोघं.

"अहो, ते तुमच्यामुळं नाही," ती म्हणाली.

"समजूत काढू नको."

"समजूत नाही. दिव्यामुळं होतंय." आणि तिनं सगळं सांगितलं. हेपेस, बाटल्यांवरचा कागद, निळी झालेली कागदी पट्टी, रिकाम्या खोलीत सत्तरवर गेलेला आकडा. तो गिऱ्हाइकानं इंजिनाचं दुखणं सांगावं तसं मान तिरकी करून ऐकत होता.

"म्हंजे माझ्यामुळं न्हाई," तो शेवटी म्हणाला.

"नाही."

"आणि तुझ्यामुळं?"

हा प्रश्न तो विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. "माझ्यामुळंही नाही," ती म्हणाली. ते वाक्य तोंडातून काढणं तिला सगळ्यांत जड गेलं.

"दिव्यानं नुसतं पळतंय, का मरतंयबी?"

"मरतंय. हळूहळू."

भूपालनं मान हलवली. "आमच्या आईनं दिवस मावळल्यावर घरात मोठा दिवा कधी लावू दिला न्हाई. दिव्यावर जीव येऊन मरतात म्हणायची. उजेड हाय तवर जेवा आणि गप पडा. आम्ही पोरं हसायचो तिला." त्यानं हात लांब केला आणि दिवा बंद केला. मग आकड्याच्या पडद्यावर रुमाल टाकला. खोलीला खिडकी नव्हती. भर दुपारी मिट्ट काळोख झाला.

हळूहळू वेग उतरू लागला. आधीच तयार झालेलं पेरॉक्साइड विरायला वेळ लागतो. कांचन मनात मोजत होती. पासष्ट, साठ, पंचावन्न. मग बावन्नला येऊन ठोके स्थिरावले. तेव्हा भूपाल बोलला.

"सन्मती. मी हाय. चुकलं माझं. इंजिन काय पळून जात नव्हतं." त्याचा आवाज फाटला. "ऐकलंस का, चुकलं."

टप. टप. टप. ताल जरासुद्धा हलला नाही.

"बघ," तो कुजबुजला, आणि त्याच्या आवाजात लहान मुलाचा आनंद होता. "बघ, कांचन. एकसारखं चाललंय. घाबरत न्हाई आता मला."

त्याला कान नाहीत हो, ते कोणाचंच ऐकत नाही, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. आत्ताच तर सांगितलं होतं सगळं. तिनं ते गिळलं. पण ते गिळताना तिला जाणवलं की आता आणखी काही पोटात मावत नाही. प्रत्येक बफरची एक सीमा असते. तिथवर थेंब थेंब घालत जा, रंग बदलत नाही. मग एकच थेंब पडतो.

"सनू," ती म्हणाली. "ताप आला होता तेव्हा तू मला सांगितलं होतंस. बाबांना सांग म्हणाला होतास. मी नाही सांगितलं. ओरडतील म्हणून नाही सांगितलं. दोन दिवस कळ काढ म्हणाले. मी सांगितलं असतं तर हे थांबले असते."

पलीकडे भूपालची खुर्ची करकरली नाही, काहीच हललं नाही. कांचन पेटीकडे कान लावून बसली. तिला सगळं विज्ञान ठाऊक होतं आणि तरी ती वाट बघत होती. रागानं का होईना, एकदा तरी त्यानं वेग धरावा. एकदा तरी म्हणावं, आई, तू सांगायला हवं होतंस. बावन्न. बावन्न. अंधारात ठेवलं आणि वेळच्या वेळी द्रव बदलला तर हे असं आणखी वीस-तीस वर्षं चालेल. ते दोघं नसतील तेव्हाही चालेल, ट्रकचालकाच्या शेजारी, कोणावर न रागावता आणि कोणाला क्षमा न करता.

मग काळोखात भूपालचा हात आला. तो चाचपडत तिच्या मांडीवर पडला, तिथून मनगटावर गेला आणि आतल्या बाजूला, नाडीवर, थांबला. आयुष्यभर इंजिनांवर ठेवलेला हात होता तो. बराच वेळ त्यानं तो तसाच ठेवला. तिची नाडी भरधाव पळत होती.

"अगं," तो अगदी हळू म्हणाला. "तूबी?"

तिनं बोलायची गरज नव्हती, त्याला हाताखाली सगळं कळत होतं.

"मला घाबरू नको," भूपाल म्हणाला. आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "घाबरू नको, कांचन."

त्यानं मनगट सोडलं नाही. तो तिची नाडी उतरायची वाट बघत बसला, आणि ती काही केल्या उतरत नव्हती. मधल्या पेटीत ठोके एकसारखे चालले होते.